आडवा कापलेला कागद

४ फेब्रुवारी

ताई,

आमच्या साहेबांना वाटतं, या पाहणीचा खर्च म्हणजे माझं प्रवासभाडं. खरा खर्च तुला सांगतो. चपलांचे दोन्ही तळ गेले. इतक्या ठिकाणी चहा प्यायलो की आता नुसती कपबशी वाजली तरी छातीत जळजळतं. आणि एका छापखानेवाल्याने प्रेमाने पाठीवर थाप मारली, शाईच्या हाताने, त्यात तो करडा शर्ट गेला. तूच घेऊन दिलेला. चपलांचं काही नाही, शर्टाचं मनाला लागलं.

आता खरं सांगून टाकतो, रागावू नकोस. तुझ्याकडे आलो तेव्हा मी रजेवर नव्हतो. कंपनी नवा कागद बाजारात आणतेय. जाहिरात करण्याआधी साहेबांना कळायला हवं होतं की छापखान्यांना नेमकं हवं असतं तरी काय. आमच्या खात्यातल्या शिकलेल्या पोरांनी एक लांबलचक प्रश्नावली केली होती. मी म्हटलं, साहेब, मशीन चालू असताना छापखानेवाला स्वतःच्या सासऱ्याला उत्तर देत नाही, तो तुमच्या चौकोनात खुणा करत बसणार होय? मला पाठवा. मी नुसता बसेन आणि ऐकेन.

आणि बसलो. तुमच्या भागातला एक छापखाना सोडला नाही. कुठे बिलबुकं छापायची आहेत म्हणून गेलो, कुठे उन्हातून आलोय, जरा टेकतो म्हणून. कंपनीचं नाव ओठावर आणलं नाही. कोणी ओळखलं नाही, कोणाला शंकासुद्धा आली नाही. अगं, ज्याने उमेदीची वर्षं गोडाऊनमध्ये पाठीवरून कागदाच्या रिमा वाहिल्या, त्याचे कान वेगळेच होतात. मशीनचा सूर बदलला की मला कळतं, आता कागद अडकणार. माणसाचा सूर बदलला की कळतं, आता हा खरं बोलणार. बायकोला सांगणार नाहीत अशा गोष्टी लोकांनी मला सांगितल्या. आणि माणसं काय अगत्याची! जाईन तिथे खुर्ची पुसून ठेवलेली, चहा तयार, आणि दारातच आमच्या कंपनीच्या रिमा रचलेल्या. हे ऐकून साहेब खुर्चीत सरळ होऊन बसले.

तुझ्याकडे मात्र मी फक्त भाऊ म्हणून राहिलो, एवढं लक्षात ठेव. त्या शाळेच्या वह्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. कामात होतंच असं.

हे पत्र नव्या कागदावर लिहिलंय. शाई फुटते का बघून सांग.

तुझा,
भोंगा

१२ फेब्रुवारी

भोंग्या,

शाई फुटत नाही. तू मात्र फुटायच्या बेतात दिसतोस, इतका फुगला आहेस.

तुझं पत्र तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. ‘कोणी ओळखलं नाही’ या ठिकाणी त्यांना ठसका लागला, मशीन थांबवून पाणी प्यावं लागलं. असं पत्रच लिहीत जा. फोनवर मशीनच्या आवाजात तुझं अर्धं बोलणं ऐकू येत नाही, आणि जे अर्धं ऐकू येतं ते तुझ्या स्वतःबद्दल असतं.

वह्यांचं मनाला लावून घेऊ नकोस म्हणतोस, पण लागलं आहेच. परवा मुख्याध्यापिका बाई रस्त्यात भेटल्या. माझा हात धरून म्हणाल्या, “त्या कागदवाल्यांनी तुम्हाला फसवलं हो. तुमच्यासारख्या कष्टाळू बाईला असं करावं?” मी मान हलवली. म्हणजे बघ, एकदा खोटं बोलून भागलं नाही, भर रस्त्यात मान हलवून पुन्हा बोलले. तुला माहीतच आहे, कागद चांगला होता. कापडाला जशी उभी-आडवी दिशा असते तशी कागदाला असते, आणि मी तो त्या दिशेच्या आडवा कापला. मग वह्या शिवल्यावर पानं मिटेनात, पंखा उघडल्यासारखी उभी राहायला लागली. बाईंनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं की माल खराब आला. तुमच्या कंपनीच्या इथल्या डेपोवाल्याने बिचाऱ्याने वाद घातला नाही. सगळा माल बदलून दिला आणि तुमच्या हेड ऑफिसची बोलणी खाल्ली.

मी तुला कटिंग मशीनपाशी उभी राहून जे सांगितलं, ते साहेबांच्या कानावर घातलंस का? तेवढं कळव.

ताई

१८ फेब्रुवारी

ताई,

काय विचारतेस हे? एक शब्द नाही. तू मला ओळखत नाहीस का? तू सांगितलंस ते माझ्यापाशी राहिलं, आणि राहील. निर्धास्त झोप.

इथली खबर चांगली आहे. साहेबांनी सगळ्या खात्यासमोर मला अहवाल सांगायला लावला. लिहिलेला नाही, तोंडी. सांगून झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्या पोरांनी ती प्रश्नावली केली होती त्यांच्यातला एक नंतर माझ्या मागेमागे जिन्यापर्यंत आला, तुम्ही हे कसं काढून घेतलंत म्हणून विचारायला. मला आता खिडकीशेजारची जागा मिळाली आहे. खाली कागदाचे ट्रक भरताना दिसतात. मी तिथे होतो आणि आता इथे आहे, असं मनात येतं.

जाहिरातीचं ठरलं. नुसती छापखान्यांत नाही, जे छापून घेतात त्यांच्यापर्यंत जायचं. शाळा, कचेऱ्या, दवाखाने. त्यांनाच कागदाबद्दल शहाणं करून सोडायचं. साहेबांची कल्पना आहे, पण मूळ माझं.

भाऊजींचा ठसका गेला का?

भोंगा

१५ मार्च

भोंग्या,

सोबत तुमच्या कंपनीचं पत्रक जोडलं आहे. तुझ्याकडे असेलच, पण मला ते घरात ठेवायचं नाही.

हे शाळेत टपालाने आलं. बाई ते घेऊन छापखान्यात आल्या. स्टुलावर बसल्या, चहा नको म्हणाल्या. मग आमच्या वहीतलं एक पान काढलं आणि पत्रकात लिहिल्याप्रमाणे उभं फाडून पाहिलं, आडवं फाडून पाहिलं. एक फाट सरळ रेघेसारखी गेली, दुसरी करवतीच्या दातांसारखी. पत्रकात चित्रच आहे, वहीत पान कसं असावं आणि कसं असू नये. आमचं कसं असू नये त्यातलं निघालं. तुझे भाऊजी मशीनमागे जाऊन उभे राहिले.

ते सगळं मी सोसलं असतं. पण खाली चौकटीत काय छापलं आहे ते वाच. ‘एका छापखान्याच्या मालकीणबाई सांगतात: आडवा मीच कापला, आणि गिऱ्हाइकापुढे नाव घेतलं कागदाचं. कागद बिचारा बोलत नाही ना.’

बाईंनी त्यावर बोट ठेवून विचारलं, “वहिनी, हे तुमचं वाक्य आहे ना?” या भागात छापखाना चालवणारी बाई मी एकटी. आणि ‘बिचारा बोलत नाही’ हे मी शाईबद्दल बोलते, मशीनबद्दल बोलते, तुझ्या भाऊजींबद्दलसुद्धा बोलते, अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मी हो म्हटलं. बाई उठल्या. पुढच्या वर्षीच्या वह्यांचं कमिटीपुढे ठेवावं लागेल म्हणाल्या. शाळेचं काम गेलं तर आमचं मशीन अर्धा वेळ बंद राहील, ते तुला सांगायला नको. पण आत्ता मला त्याचं काही वाटत नाही, बाईंनी मघाचं पान घडी करून पर्समध्ये ठेवलं त्याचं वाटतं.

मी तुला सांगत होते तेव्हा डेपोवाला दारात रिमा उतरवून घेत होता, आठवतं? त्यानेच ऐकून वर कळवलं असणार. माझ्यामुळे बोलणी खाल्ली होती, त्याचा वचपा काढला. मी तशीच डेपोत गेले. चार गिऱ्हाइकं उभी होती. सगळ्यांसमोर त्याला बोलले. तो एवढंच म्हणाला, “वहिनी, मी नाही बोललो.” मी म्हटलं, “मग काय भिंत बोलली?”

तू हेड ऑफिसात आहेस. हे नेमकं कोणी कळवलं ते शोधून काढ. मला त्याचं नाव हवं आहे.

ताई

२० मार्च

ताई,

पत्र मिळालं. वाचून फार वाईट वाटलं. असं व्हायला नको होतं.

चौकशी करतो. पण इथे काही कळणं अवघड आहे, अहवाल खूप जणांचे येतात, कोणी काय सांगितलं याची नोंद राहत नाही. डेपोवाल्यांची तोंडं तशी सैलच असतात. तू फार मनस्ताप करून घेऊ नकोस. थोड्या दिवसांत लोक विसरतील. बाईही विसरतील.

कामाची गडबड आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

भोंगा

२ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. बरं केलंस. त्या पत्राला उत्तर देण्यासारखं काही नव्हतंच.

नाव हवं होतं ना तुला? माझं आहे.

आता सगळं सांगतो, मधेच थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही. त्या दिवशी अहवाल सांगायला उभा राहिलो आणि मलाच कळलं की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. महिनाभर हिंडलो आणि सगळीकडे एकच ऐकलं. कागद पांढरा हवा, माल वेळेवर हवा, आमच्या कंपनीचा कागद म्हणजे काही विचारू नका. मी सांगत होतो आणि प्रश्नावलीवाल्या पोरांतला एक पेन्सिलीला टोक करत होता. एकाने जांभई दिली, हात आडवा धरून, सभ्यपणे. साहेब घड्याळाकडे बघत नव्हते, पण बघावंसं वाटत होतं त्यांना, ते दिसत होतं. म्हटलं, गोडाऊनमधला माणूस शेवटी गोडाऊनमधलाच, असं म्हणतील.

मग मी तुझी गोष्ट सांगितली. नुसती सांगितली नाही. तुझा आवाज काढून सांगितली. कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, तू कटिंग मशीनला टेकून उभी राहतेस तसा उभा राहून. ‘कागद बिचारा बोलत नाही ना’ म्हणालो आणि सगळी खोली हसली. साहेबांनी टेबलावर थाप मारली, म्हणाले, यातच आपली जाहिरात आहे. ताई, खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला फार छान वाटलं. टाळ्या त्याच्या होत्या. खिडकीही त्याचीच.

तुझं नाव घेतलं नाही, बहीण आहे हेही सांगितलं नाही. त्यालाच मी मनात माझा प्रामाणिकपणा म्हणत होतो. तुला ‘एक शब्द नाही’ असं लिहिलं, तेव्हा त्या पत्रकाचं प्रूफ माझ्या डाव्या हाताशी पडलं होतं. त्या चौकटीवर मी कप ठेवला आणि मग लिहायला बसलो.

गेल्या आठवड्यात डेपोवाल्यांची वार्षिक बैठक होती. तुमचा डेपोवाला माझ्या समोर येऊन बसला. पत्रक हेड ऑफिसातून निघालं, तुझा भाऊ हेड ऑफिसात, तुझ्याकडे राहून गेलेला. त्याला कळायचं काय बाकी असणार? तुला त्याने एका वाक्यात सांगितलं असतं तर तू चार गिऱ्हाइकांसमोर गप्प झाली असतीस. त्याने सांगितलं नाही. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. त्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि हळूच विचारलं, “तुमच्या ताई बऱ्या आहेत ना?” बस, एवढंच. त्याने शिवी दिली असती तर मी पचवली असती, शिव्या ऐकतच मोठा झालोय. त्या विचारण्यानंतर मला खुर्चीत बसवेना.

बैठक संपल्यावर साहेबांकडे गेलो. म्हटलं, ती माझी बहीण, पत्रकं परत घ्या. साहेब म्हणाले, आधी सांगितलं असतंत तर ती चौकट घातलीच नसती. सगळी पत्रकं पोचली आहेत, आता काय परत घ्यायचं. तेही खरंच. मीच आधी सांगितलं नव्हतं.

तू म्हणशील तेव्हा येतो. बाईंसमोर उभा राहतो, सांगतो की हे मी केलं. डेपोतही सांगतो, तू त्याला बोललीस तेव्हा जेवढी माणसं उभी होती तेवढी गोळा करून. तू ये म्हण.

तुझा,
(सही करायला हात होत नाही)

१४ एप्रिल

भोंग्या,

सही कर. न केल्याने तू दुसरा कोणी होत नाहीस.

तुझं पत्र मी तुझ्या भाऊजींना दाखवलं नाही. तोंडी सांगितलं, आणि आवाज काढून नाही सांगितलं. दोन दिवस ते तुझं नाव काढत नव्हते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, त्याला लिही, नाहीतर तो आणखी लांब पत्र पाठवेल.

बाईंकडे तू येऊ नकोस. मी जाऊन आले. तू माझी गोष्ट सांगितलीस ते वाईट, पण गोष्ट माझीच होती. ती सांगायला पुन्हा तूच कशाला? सगळं पहिल्यापासून सांगितलं, रस्त्यात मान हलवली त्यासकट. बाई म्हणाल्या, “वह्यांचं मला एवढं वाटलं नाही, वहिनी. मी तुमचा हात धरून कीव केली, त्याची मला लाज वाटते.” भोंग्या, तुझ्या पत्रकाने झालं नाही ते या वाक्याने झालं. मला बसल्या जागी घाम फुटला. आम्ही सगळ्या वह्या नव्याने करून देतोय, नीट कापून. पुढच्या वर्षी लहान वर्गांचं काम आमच्याकडे राहील, मोठ्या वर्गांचं दुसऱ्या छापखान्याकडे गेलं. मशीन आत्ता बंद आहे, म्हणून निवांत लिहिता येतंय.

डेपोतही गेले. मुद्दाम गर्दीच्या वेळी. सगळ्यांसमोर बोलले होते, तर सगळ्यांसमोरच चुकले म्हटलं. डेपोवाला माझ्यापेक्षा जास्त ओशाळला. स्टूल पुढे केलं, पंखा माझ्याकडे वळवला, आणि गिऱ्हाइकांना म्हणाला, काय बघताय, माल घ्या आपापला. तुझं नाव त्याने तेव्हाही घेतलं नाही. तुला त्याच्यासमोर उभं राहायचं असेल तर जरूर ये. ते मी तुझ्यासाठी करू शकत नाही.

आता एक गोष्ट. तुझ्या पत्रात मी ती दोनदा शोधली, सापडली नाही.

त्या दुपारी मी तुला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, मी आडवा कापला. दुसरी, का कापला. तुमच्या रिमेच्या वेष्टनावर सगळं छापलेलं असतं, वजन, माप, कंपनीचं नाव केवढ्या तरी मोठ्या अक्षरात. कागदाची दिशा कुठली, एवढंच नसतं. प्रत्येक नव्या मालाची एक पट्टी फाडून बघावी लागते. त्या दिवशी घाई होती, मी बघितली नाही. माझी चूक माझीच. पण वेष्टनावर नुसता एक बाण छापला तर ही चूक कोणाच्याच हातून होणार नाही. मी तुला म्हटलं होतं, साहेबांना सांग, बाण छापा. छापखान्यांना काय हवं असतं ते शोधायला तू हिंडत होतास ना? ते एवढंच हवं होतं. पण पहिल्या गोष्टीला तुला इतकं हसू आलं की दुसरी तुझ्यापर्यंत पोचलीच नाही. ‘साहेबांच्या कानावर घातलंस का’ म्हणून मी विचारलं ते याबद्दल. तू शपथ घेतल्यासारखं लिहिलंस, एक शब्द नाही. वाचून मी हिरमुसले होते.

मीही सरळ वागले असं नाही. कंपनीला रीतसर लिहिता आलं असतं. पण मग आमच्याकडे काय झालं ते लिहावं लागलं असतं, खाली सही करून. त्याची लाज वाटली, म्हणून तुझ्या खांद्यावरून पाठवायला गेले. तू कंपनीच्या कामावर आला आहेस म्हणूनच तर सांगितलं. नाहीतर धाकट्या भावासमोर हे कोण कबूल करतं?

तू कामावर आला आहेस ते मला कसं कळलं, असं विचारशील. तुला सांगणार नव्हते, तू इतका खुशीत होतास. तू यायच्या आधी डेपोवाल्याने भागातल्या सगळ्या छापखान्यांना फोन केले होते. हेड ऑफिसचा माणूस येतोय, गिऱ्हाईक म्हणून येईल, ओळख दाखवू नका, आपल्या रिमा दारात काढून ठेवा. फार बोलतो, बोलू द्या. आमच्याकडेही तो फोन आला होता.

ताई